गडव्यात न उरलेली सुपारी

माणसं मोजायची नाहीत, हा माझ्या सासरचा नियम होता. कोंबड्या मोजा, मिठाच्या गोणी मोजा, नारळ मोजा, माणसं नाही. मोजलेलं माणूस कमी होतं, असं सासूबाई म्हणायच्या. मी त्या वेळी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात हजेरीच्या कामावर होते. दिवसभर माणसंच मोजायची आणि संध्याकाळी घरी येऊन भाकऱ्या किती थापू हे विचारायची चोरी.

"पीठ बगून थाप," आई म्हणायच्या. सासूबाईंना मी आई म्हणत असे आणि सासऱ्यांना बाबा.

ही ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आमचं गाव पनवेलच्या खाडीवर. जमिनी सरकारनं घेतल्या होत्या, मिठागरांत मातीचा भराव पडत होता आणि गावाच्या पाठीमागे चार मजली इमारतींचे सांगाडे उभे राहिले होते. बाबा जन्मभर मिठागरात राबलेले. मिठागर गेलं तेव्हा ते साठीचे होते, आणि उन्हानं म्हणा किंवा मिठाच्या पांढऱ्या लखलखाटानं म्हणा, त्यांचे डोळे आधीच गेले होते. दिवसा दिसायचं. दिवेलागण झाली की काही म्हणजे काही दिसत नसे. घरातल्या घरात भिंत धरून चालायचे.

माझं माहेर कर्जतकडचं, डोंगरातलं. समुद्र मी लग्नानंतर पाहिला. पोहता मला आजही येत नाही.

दर वर्षी चैत्रातल्या अष्टमीला आमची सगळी भावकी बेटावर जायची. बेटाला नाव होतं की नाही कोण जाणे, सगळे नुसतं बेटच म्हणायचे. खाडीतून बाहेर पडून मोकळ्या पाण्यात तास-दीड तास गेलं की ते दिसायचं. एका टोकाला वाळूचा पट्टा, दुसऱ्या टोकाला काळा खडक, मध्ये एक खाच. खडकाच्या माथ्यावर शेंदूर लावलेली देवी आणि एक वाकडं झाड. ओहोटी असली की खाचेतून कोरड्या पायांनी खडकावर जाता यायचं. भरतीला तिथं माणूस बुडेल इतकं पाणी भरायचं. प्यायच्या पाण्याचा थेंब नाही, सावली म्हणजे तेवढं एक झाड. अशा ठिकाणी पोराबाळांसकट एक दिवस आणि एक रात्र काढायची, कोंबडी-भात शिजवून देवीला दाखवायचा आणि दुसऱ्या दिवशी भरतीच्या पाण्यावर परत यायचं. आता लोक पैसे देऊन तंबूत झोपायला जातात. आमचा तंबू म्हणजे चार बांबू आणि होडीचं जुनं शीड.

लग्नानंतर मी तिथं चार-पाच वेळा गेले असेन आणि एकदाही मला धड झोप लागली नाही. पाण्याचे हंडे माझ्या ताब्यात असायचे. पोरं हात धुवायला गोडं पाणी घेतात का, कोण लाथ मारून हंडा लवंडतं, याच्यावर माझा डोळा. अंगाखाली वाळू गार आणि चारी बाजूंनी पाण्याचा आवाज. बाकीची बायामाणसं मात्र माहेरी आल्यासारखी फुगड्या घालायची.

माणसं मोजायची नाहीत, तर मग बेटावर कुणी मागे राहिलं नाही हे कळायचं कसं? त्याला आईंकडे एक पितळी गडवा होता. गावच्या धक्क्यावर होडीत चढताना प्रत्येकानं त्या गडव्यात एक सुपारी टाकायची. तान्ह्या पोराची त्याच्या आईनं टाकायची आणि परतताना तिनंच उचलायची. बेटावरून निघताना होडीत चढलं की प्रत्येकानं एक सुपारी उचलायची आणि तोंडात टाकायची. गडवा रिकामा झाला म्हणजे सगळे आले. सुपारी उरली म्हणजे कुणीतरी राहिलं. आकडा कुणी उच्चारायचाच नाही.

पहिल्या वर्षी मला हे हास्यास्पद वाटलं होतं. नंतर कारखान्यात आमची हजेरी किती वेळा चुकते हे पाहिल्यावर वाटेनासं झालं.

त्या वर्षी धाकटी जाऊ पहिल्यांदाच आमच्याबरोबर आली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. धाकट्या दिराची कारखान्यात पाळी होती, तो आला नाही. पोरगी अबोल. कुणी मोठ्यानं बोललं की पदर चावायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हंडे तपासत होते तेव्हा शिडाच्या आडून कुणाच्या तरी ओकण्याचा आवाज आला. जाऊन बघते तर ही गुडघ्यावर बसलेली आणि आई तिच्या पाठीवरून हात फिरवतायत.

"काय झालं? कोंबडी बाधली का?" मी विचारलं.

"तू तुजे हंडे बग," आई म्हणाल्या. पण तोंडावर हसू मावत नव्हतं. मी समजले. दिवस राहिले होते. तीन महिने होईस्तोवर आमच्याकडे ही गोष्ट पुरुषांच्या कानावर जाऊ देत नसत, म्हणून मीही गप्प बसले.

दुपार कलल्यावर पाणी वाढायला लागलं. आमचा मचवा, म्हणजे इंजिनाची मोठी होडी, वाळूवर बसवलेला होता, पाण्यानं उचलला की निघायचं. ही निघायची वेळ म्हणजे नुसता गोंधळ. वाढतं पाणी पाठीशी घेऊन खाडीच्या तोंडाशी पोचायचं आणि भरती पुरी आहे तोवर आत शिरायचं, असा हिशेब असतो. उशीर झाला तर खाडी सुकते आणि मचवा अर्ध्या वाटेत चिखलात बसतो. मग अर्धी रात्र, पुढच्या पाण्यापर्यंत, पोरं घेऊन तिथंच. म्हणून मचवा हाकणारा तांडेल, म्हणजे माझा चुलत दीर, वरून ओरडत होता आणि आम्ही खालून भांडी, टोपल्या, पोरं असं जे हाताला लागेल ते वर देत होतो.

आई फळीपाशी गडवा धरून बसल्या होत्या. जो चढेल तो सुपारी उचलत होता. धाकटी जाऊ माझ्या पुढे होती. आई तिच्या कानाला लागून काहीतरी बोलल्या, ती लाजली आणि पुढे गेली. मी सुपारी घेतली. सगळ्यात शेवटी आईंनी आपली घेतली, गडवा उलटा केला आणि त्याच्या बुडावर टिचकी मारली. तांडेलानं इंजिन सुरू केलं.

बेट बरंच मागे गेलं तेव्हा आईंनी कमरेच्या चंचीतला छोटा खलबत्ता काढला. बाबांना दात नव्हते. आपली सुपारी उचलायची, आईंकडे आणून द्यायची आणि आईंनी ती कुटून द्यायची, असं त्यांचं ठरलेलं.

"म्हातारा झोपला वाटतं," आई मला म्हणाल्या. "जा गो, सुपारी घेऊन ये त्यांच्याकरनं."

बाबा नेहमी पुढच्या टोकाला, शिडाच्या ढिगाला टेकून बसायचे. मी माणसं ओलांडत पुढे गेले. शीड होतं. टोपल्या होत्या. बाबा नव्हते.

मी मागून पुढे आणि पुढून मागे एक फेरी मारली, इंजिनापाशी बघितलं. मग नवऱ्याच्या खांद्याला हात लावला. "बाबा कुठायत?"

"पुडं."

"पुढं नाहीत."

तो उठला, गेला, आला. त्यानं तांडेलाला थांबायची खूण केली. तांडेलानं इंजिन बंद केलं. पाणी फळ्यांवर आपटल्याचं ऐकू यायला लागलं.

"राहिले. बेटावर राहिले," मी म्हणाले.

"कसे ऱ्हातील, वयनी?" तांडेल म्हणाला. "गडवा रिकामा हाय. काकीनं टिचकी मारली, मी बगितली. म्हातारा चडला होता."

"मग आहेत कुठं?"

त्यानं आणि सगळ्यांनीच पाण्याकडे पाहिलं. बाबा मचव्यात चढले होते आणि आता मचव्यात नव्हते. याचा अर्थ एकच निघत होता. कुणीतरी बाई रडायला लागली. आई रडल्या नाहीत. त्या गडव्यात हात घालून चाचपत बसल्या, जणू तळाला काही चिकटलं असेल.

तांडेलानं मचवा वळवला आणि आलेल्या वाटेनं अगदी हळू चालवायला सुरुवात केली. पुरुष दोन्ही बाजूंनी वाकून पाणी बघत होते. प्रत्येक तरंगती फांदी म्हातारा वाटत होती. उजेड पिवळा व्हायला लागला होता. मला एकच वाटत होतं, की आपण चुकीच्या जागी शोधतोय. पण हे वाटणं होतं, पुरावा काहीच नव्हता. गडवा रिकामा होता आणि तो मीही पाहिला होता.

रिकामा गडवा दोनच तऱ्हांनी होतो. सगळे आले म्हणून, किंवा कुणी एक जास्त घेतली म्हणून. कारखान्यात एका माणसाची हजेरी दुसरा लावायचा, तेव्हाही आमचा आकडा बरोबरच यायचा.

मी मोठ्यानं विचारलं, "कुणी टाकल्यापेक्षा जास्त सुपाऱ्या घेतल्यात का?"

"अगो, देवीची सुपारी कोन जास्ती घेईल?" एक चुलत सासू फणकारली.

पोरांना विचारलं. पोरांनी माना हलवल्या. सुपाऱ्या सगळ्यांच्या तोंडात, चघळून झालेल्या, तपासायचं काय? मी एकेकीकडे बघत गेले. धाकटी जाऊ कडेला बसून पदराचं टोक चावत होती. तिच्या तोंडात सुपारी होती, गाल फुगला होता. आणि ती चावत होती त्या पदराला एक गाठ होती. सकाळी ती नव्हती.

मी तिच्याजवळ बसले. "गाठीत काय आहे?"

तिनं गाठ मुठीत आवळली.

"हे बघ, बाबा पाण्यात गेलेत असं समजून सगळे पाणी शोधतायत. गाठीत काय आहे?"

"आईंनी सांगितलं घे म्हणून," ती कुजबुजली. "एक तुजी आनि एक त्याची."

"येताना धक्क्यावर किती टाकल्या होत्यास?"

"एकच. तवा मला तरी कुटं म्हाईत होतं?"

मी गाठ सोडून सुपारी घेतली आणि आईंच्या पुढ्यात धरली. आईंनी सुपारीकडे बघितलं, सुनेकडे बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. एवढा जोरात, की बांगडी फुटली. नातवाच्या आनंदात त्यांनी न टाकलेली सुपारी उचलायला लावली होती, आणि जी उचलली गेली ती त्यांच्याच नवऱ्याची होती.

"बाबा चढलेच नव्हते," मी तांडेलाला म्हणाले. "पाणी बघू नका. बेटावर चला."

जी गोष्ट पुरुषांना कळू द्यायची नव्हती ती अशी सगळ्या मचव्याला कळली.

पण मचवा बेटावर नेणं एवढं सोपं नव्हतं. तांडेलानं खाडीकडे बोट दाखवून सांगितलं: परत गेलो तर खाडीची भरती चुकली. हंड्यांत पाणी संपत आलं होतं, ते मलाच सगळ्यांत चांगलं माहीत होतं. दोन तान्ही पोरं होती, आता एक गरोदर होती. मचव्याच्या मागे एक लहान होडकं बांधलेलं असायचं, तीन माणसांचं, आणि तेही गळकं. त्यातून दोघांनी जायचं आणि तिसऱ्याला सांभाळायचं, एवढीच सोय होती. मचवा सकाळच्या पाण्यावर परत येणार.

नवरा होडक्यात उतरला. त्याच्या मागोमाग मी उतरायला लागले तेव्हा तो म्हणाला, "तू कशाला? तुला वल्हवता येतं का?"

"नाही. पाणी उपसता येतं. आणि ते कुठं बसतात ते मला माहीत आहे."

ते खरंच मला एकटीला माहीत होतं. खडकाच्या पलीकडच्या अंगाला लहान लहान खळगे होते. भरतीचं पाणी त्यांत साचायचं, चैत्राच्या उन्हात आटायचं आणि तळाला मीठ उरायचं. बाबा दर वर्षी गुपचूप तिथं जाऊन मूठभर मीठ शिंपल्यानं खरवडून आणायचे. मिठागर गेल्यापासूनचा हा त्यांचा उद्योग. आदल्या वर्षी त्यांनी ती पुरचुंडी माझ्या हातात दिली होती. "कोनाला बोलू नको. हसतील," म्हणाले होते. मी ते मीठ लोणच्याला वापरलं. चांगलं होतं.

मचवा खाडीकडे गेला. मागच्या फळीवर आई बसलेल्या दिसत होत्या, मांडीत गडवा.

भरतीचं पाणी आमच्या अंगावर येत होतं. नवरा वल्हं मारायचा आणि होडकं जागच्या जागी असल्यासारखं वाटायचं. मी डालड्याच्या डब्यानं पाणी उपसत होते. उपसता उपसता माझ्या मनात एकच विचार फिरत होता. माझं गणित चुकलं असेल तर? जावेनं जास्तीची एक घेतली हे खरं. पण आणखी कुणी आपली घ्यायला विसरलं असेल, एखाद्या पोराची राहिली असेल, आणि बाबा चढून खरंच पडले असतील, तर? मग मी एका पाण्यात पडलेल्या माणसाचा शोध थांबवला होता. सगळ्या मचव्यानं माझ्या शब्दावर पाण्यावरची नजर काढून घेतली होती.

नवऱ्याच्या मनातही तेच असणार. मध्येच तो म्हणाला, "चडताना तू बघितलंस त्यांना?"

"नाही. तुम्ही?"

"मी टोपल्या चडवत होतो."

सूर्य पाण्याला टेकला तेव्हा बेट जवळ आलं. वाळूचा पट्टा अर्धा गेला होता. खाच भरली होती आणि पलीकडचा खडक एकटाच पाण्यात उभा होता. खडकाच्या कडा पाण्याखाली सरळ उतरतात, आणि तिथं कालवं चिकटलेली, सुऱ्यांसारखी.

नवऱ्यानं हाक मारायला तोंड उघडलं. मी त्याचा दंड धरला. "हाक मारू नका."

"का?"

"त्यांना आता दिसत नाही. तुमचा आवाज ऐकला की ते आवाजाच्या दिशेनं चालायला लागतील. मध्ये खाच आहे."

त्याला ते पटलं. पण बापाच्या नावानं ओरडता येत नाही म्हणजे काय, ते मी त्याच्या तोंडावर बघत होते. त्यानं होडकं खाचेत घातलं, तिथं पाणी शांत होतं, आणि आम्ही खडकाला लागलो. मी साडी खोचून चार पायांवर वर चढले. तळहात कापले ते नंतर कळलं.

मी सरळ मिठाच्या खळग्यांकडे गेले. उजेड एवढाच होता की पांढरं ते दिसावं. एका खळग्याशी पंचा पसरलेला होता, त्यावर मीठ, बाजूला शिंपला आणि बाबांची काठी.

बाबा नव्हते.

म्हणजे ते बेटावर राहिले होते, एवढं माझं बरोबर आलं होतं. पण काठी सोडून तो माणूस दोन पावलं जात नसे. मी खळग्यांच्या पुढे बघितलं. तिथं खडक संपत होता आणि खाली पाणी होतं. मी ओणवी होऊन बघत राहिले. काळ्या पाण्यात काही दिसत नाही, तरी माणूस बघत राहतं.

नवरा मागून आला. त्यानं काठी बघितली, पाणी बघितलं, आणि माझं सांगणं विसरून छाती फुटेल असा ओरडला, "बाबा!"

वरून, देवीच्या बाजूनं, आवाज आला. "वरडू नको. मी बांदलेला हाय."

आम्ही धावत वर गेलो. वाकड्या झाडाच्या बुंध्याशी बाबा पाठ लावून बसले होते. नेसूचं धोतर सोडून त्याला पीळ घातला होता, एक टोक कमरेला आणि दुसरं झाडाला, दोन्हीकडे मिठागरातल्या पक्क्या गाठी. अंगावर बंडी आणि लंगोट.

"कोन कोन हाय?" त्यांनी तोंड भलतीकडे वळवून विचारलं.

"मी आनि तुमची सून."

"सून हाय? मग तिला तिकरं तोंड कर बोल."

मी तोंड फिरवलं. पाठीमागे नवरा गाठी सोडत होता आणि त्या सुटत नव्हत्या. बाबाच त्याला सांगत होते, हिकडून ओढ, आता तिकडून. मग त्यांनी सांगितलं ते असं. मीठ खरवडता खरवडता वेळेचं भान राहिलं नाही. इंजिनाचा आवाज आला तेव्हा उठले, पंचा हलवायला हातात घेतला तर मीठ सांडेल म्हणून तो ठेवला आणि नुसतेच ओरडले. इंजिनापुढे कोण ऐकतं! मचवा दिसेनासा झाला. खाचेत पाणी चढलं होतं. दिवस बुडायच्या आत झाड गाठायचं ठरवलं आणि घाईत काठी विसरली.

"बांधून कशाला घेतलंत?" मी तिकडे तोंड करूनच विचारलं.

"अंदारात कोनी हाक मारली का पाय उचलतात. आपलेच पाय, पन भरवसा नाय." मग ते म्हणाले, "पन मला एक सांगा. माजी सुपारी कोनी खाल्ली?"

नवरा हसला आणि लगेच खाली बसून रडायला लागला. मी देवीपुढची कळशी शोधली. निघताना उरलेलं गोडं पाणी देवीपुढं ठेवून यायची रीत होती, आणि त्या वर्षी ती कळशी मीच भरली होती, हात आखडता घेऊन. तीन माणसांना रात्रभर पुरेल असं ते पाणी मी झाकणानं मापून दिलं. देवीनं काही म्हटलं असेल तर मला ऐकू आलं नाही. त्या रात्री आम्ही दोघांनी बाबांना मध्ये झोपवलं आणि त्यांच्या कमरेचं धोतराचं टोक मी माझ्या मनगटाला गुंडाळून ठेवलं. झोप मला त्याही रात्री लागली नाही.

सकाळी ऊन वर आल्यावर मचवा दिसला. त्यात तांडेल आणि आई, दोघंच. पुढच्या टोकाला आई उभ्या होत्या, मचवा वाळूला लागायच्या आत उतरल्या, मांडीभर पाण्यात. लुगडं भिजलं. गडवा हातात उंच धरलेला.

तांडेलानं नंतर मला सांगितलं की माझ्या हातून घेतलेली ती सुपारी आईंनी तिथंच मचव्यात परत गडव्यात टाकली, घरी गेल्यावर चुलीपाशी गडवा घेऊन बसल्या आणि पहाटेपर्यंत उठल्या नाहीत. कुणाला हात लावू दिला नाही. सुपारी आत आहे तोवर माणूस यायचं बाकी आहे, एवढंच बोलत होत्या.

त्या बाबांच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या. "उचला."

"होडीत बसल्यावर उचलायची ना?" बाबा म्हणाले.

"आज हितंच उचला."

बाबांनी गडव्यात हात घातला, सुपारी काढली. आईंनी गडवा उलटा करून टिचकी मारली नाही. आत डोळा लावून बघितलं.

"ही सुनेच्या पदरातली," त्या म्हणाल्या. "पोरगी रातभर रडली. बोलते माज्या पोराची सुपारी बाबांना गेली, आता त्याचं काय?"

बाबांनी सुपारी चिमटीत धरून फिरवून बघितली. मग आईंच्या कमरेकडे हात केला. आईंनी अडकित्ता दिला. त्यांनी सुपारीचे दोन तुकडे केले, एक कुटायला आईंच्या हातावर ठेवला आणि दुसरा, सुनेच्या पोराचा म्हणून, पदरात बांध म्हणाले. आईंनी बांधला, दोन गाठी मारून.

परत निघायला संध्याकाळचीच भरती लागणार होती. आई ते जाणून तांदूळ, सुकट आणि दोन हंडे पाणी घेऊन आल्या होत्या. बाबांनी खळग्यातलं मीठ दिलं, या वेळी सगळ्यांदेखत, आणि भातात तेच घातलं. कुणी हसलं नाही.

संध्याकाळी मचव्यात चढलो. गडवा होता, पण सुपाऱ्या नव्हत्या. तांडेल इंजिनाशी गेला आणि मला राहवलं नाही. मी सरळ बोट करून, मोठ्यानं, एकेकाला मोजलं. आईंनी पदर डोळ्यांवर ओढला, पण थांबवलं नाही.

"पाच," मी म्हणाले.

बाबा पुढच्या टोकाला शिडाशी टेकून बसले होते. उजेड सरत होता, त्यांना माझं तोंड दिसत नसणार.

"नीट मोज," ते म्हणाले. "साडेपाच."